मुहूर्तावर पोचणारी गाडी

आमच्या गाडीचा आवाज आळीत सगळ्यांना पाठ होता. पहाटे आधी आईच्या कळशीचा आवाज यायचा, मग आप्पांचं 'केशवाय नमः, नारायणाय नमः', आणि ते संपतं न संपतं तोच बॉनेटची करकर. आप्पा म्हणजे माझे वडील, मूर्तिजापूरचे भिक्षुक. अमरावतीकडची लग्नं, अकोल्याकडच्या मुंजी, मधल्या खेड्यांमधल्या वास्तुशांती, सगळं त्यांच्याकडे असायचं. संध्या आटोपली की सोवळ्यातच ते गाडीपाशी जायचे आणि तांब्याने रेडिएटरमध्ये पाणी घालायचे. आई म्हणायची, "एक अर्घ्य सूर्याले, एक या बाईले." आप्पा तिकडे लक्ष न देता चोक ओढून किल्ली फिरवायचे. गाडी आधी खोकायची, मग रुसून गप्प बसायची, आणि आप्पांनी "चला, चला" असं लाडानं म्हटलं की लागायची. शेजारचे गुलाबरावकाका सांगायचे की त्यांची म्हैस या आवाजावरच पान्हा सोडते आणि गुरुजी गावाला गेले की दूध कमी देते. काकांच्या बोलण्यातलं अर्धं सोडून द्यावं लागे, पण उरलेलं अर्धं खरं असायचं.

गाडी होती इस्टेट. म्हणजे पुढून साधी मोटार आणि मागून लांबच लांब, डिकीच्या जागी काचांची एक खोलीच. मागचं दार वर उघडायचं आणि उन्हात त्याच्या सावलीत माणसं उभी राहायची. गियर स्टिअरिंगच्या दांड्याशी होता. रंग मुळात कोणता होता यावर आई आणि आप्पांचं कधी एकमत झालं नाही. आमच्याकडे येण्याआधी ती अमरावतीच्या एका बियाण्याच्या व्यापाऱ्याकडे होती, आणि त्याच्या पोत्यांतल्या सरकीचा वास तिच्या सीटांमध्ये असा मुरला होता की पुढे आप्पांचा धूप, कापूर, उदबत्त्या यांनाही तो हटला नाही. उन्हाळ्यात काचा लावून गाडी उभी असली की दोन्ही वास एकदम यायचे. आजही कुठल्या कापसाच्या जिनिंगवरून जाताना सरकीचा वास आला की मला उगाचच कापराची आठवण होते. आमच्या गावाहून तेव्हा शकुंतला नावाची छोटी आगगाडी सुटायची. ती इतकी सावकाश चालायची की माणसं उतरून, शेतातली बोरं तोडून पुन्हा चढायची म्हणे. लोक आमच्या गाडीला 'धाकटी शकुंतला' म्हणायचे. आप्पांना ते मुळीच आवडत नसे. "शकुंतलेला उशीर चालतो," ते म्हणायचे, "तिला कुठे मंगलाष्टकं म्हणायची आहेत?"

मुहूर्त हे आप्पांचं आयुष्य होतं. नवरदेव उशिरा आला तर ती वरपक्षाची ऐट असते, भिक्षुक उशिरा आला तर तो अपशकुन. म्हणून आप्पा दोन तास आधी पोचायचे आणि मग मांडवात आचाऱ्याशी गप्पा मारत बसायचे. गाडीच्या मागच्या भागात त्यांचा सगळा संसार असायचा. चौरंग, पाट, समया, तांब्याचं होमकुंड, समिधांची मोळी, दर्भाची जुडी, अंतरपाट. आणि उरलेल्या जागेत माणसं. रस्त्यात हात दाखवणाऱ्याला आप्पा कधी नाही म्हणत नसत. कोणी बाजाराला चाललेली म्हातारी, कोणी परीक्षेला निघालेला पोरगा, एकदा तर रुसून माहेरी निघालेली सून आणि तिला परत न्यायला आलेला नवरा, दोघं एकाच गाडीत, होमकुंडाच्या दोन बाजूंना. कौंडण्यपूरच्या जत्रेला जाताना गाडीत इतकी माणसं कोंबली जायची की खाली उतरताना कोणाची चप्पल कोणाच्या पायात आहे याचा निकाल देवळात लागायचा.

लोकांना नवल वाटायचं की एवढी जुनी गाडी रोज चालते कशी. जीप घेतलेले मोठमोठे बागायतदार अधूनमधून रस्त्यात उभे दिसायचे आणि आप्पा त्यांना आमच्या गाडीत बसवून मांडवात न्यायचे. त्यात काही जादू नव्हती. आप्पा गाडी चालवताना बोलायचे नाहीत, ऐकायचे. वेदपाठशाळेत वाढलेल्या माणसाचा कान. वर्गात पन्नास मुलं एका सुरात म्हणत असताना एकाचा उच्चार घसरला तर त्यांना कळायचं, तसंच इंजिनाचं. गप्पा मारणाऱ्याला ते हातानेच थांबवायचे आणि "ऐका, पट्टा ढिला झाला," असं म्हणून गाडी लिंबाखाली घ्यायचे. पंख्याचा जादा पट्टा दर्भाच्या पिशवीतच असायचा. पुरोहिताच्या पिशवीतून आधी दर्भाचं पवित्रक निघायचं, मग पट्टा, मग पाना. दर अमावास्येला तेल बघायचं, दर पौर्णिमेला चाकं. तिथी चुकत नसे म्हणून गाडीही चुकत नसे. माझ्या मुलाच्या गाडीत आता सीटचा पट्टा लावला नाही तरी टिंगटिंग वाजतं, दार उघडं राहिलं तरी टिंगटिंग वाजतं. गाडीच सगळं सांगते, त्यामुळे तिला ऐकायचं कोणी शिकतच नाही, असं मी एकदा म्हणाले. सुनेनं समजूतदारपणे मान हलवली. म्हातारं माणूस असं काहीतरी बोलायचंच, हे त्या मान हलवण्यात होतं, आणि ते बरोबरच आहे.

आमच्या घरी नारळ कधी विकत आणल्याचं मला आठवत नाही. गाडी आली की मागचं दार उघडायचं आणि नारळ गडगडत अंगणात यायचे. वांग्याच्या भाजीत नारळ, वरणात नारळ, पोह्यांवर नारळ. गाव ज्वारीची भाकर आणि झुणका खायचं तेव्हा आम्ही झुणक्यातही खोबरं शोधून दाखवायचो. सुपाऱ्यांची बरणी, तांदळाची पिंपं, उपरण्यांचा ढीग. आई पातूरची. चार भावांच्या पाठची, तोंडानं फटकळ. "नवरा मिळाला तो सदा लोकांच्या लग्नात," असं ती पाहुण्यांसमोर म्हणायची आणि आप्पा मिशीत हसायचे. पण पूजेचा विषय आला की तिचा फटकळपणा कुठल्या कुठे जायचा. फुलं निवडणं, वाती वळणं, नैवेद्य, सगळं ती करायची, पण काय कधी ठेवायचं आणि काय कधी उचलायचं हे आप्पा सांगणार आणि ती ऐकणार. चाळीस प्रकारच्या पूजांची तयारी तिला झोपेतही करता आली असती, तरी ती दर वेळी दारात उभी राहून विचारायची, "अहो, ठेवू का?" आणि आप्पांनी होकार दिल्यावरच ठेवायची. मला त्याचा राग यायचा. मी कॉलेजात जाऊ लागले होते, मला तेव्हा पुष्कळ गोष्टींचा राग यायचा.

मला गाडी आप्पांनीच शिकवली. भावंडं नव्हती, आणि आप्पांना वाटायचं की घरात दुसऱ्या कोणाला तरी ती यायला हवी. गावाबाहेर एक जिनिंग होतं. हंगाम संपला की त्याचं आवार मोकळं पडायचं. तिथे मी मागेपुढे करायला शिकले. आप्पा शेजारी बसून पहिले काही दिवस मला स्टिअरिंगला हातच लावू देईनात. "आधी डोळे मिटून ऐक," म्हणायचे. गियर बदलायची वेळ कान सांगतो, डोळा नाही, असं त्यांचं मत. गुलाबरावकाका एकदा कुंपणापाशी उभे राहून बघत होते. "गुरुजी, पोरीले मोटर शिकवून राह्यले का मंत्र?" त्यांनी विचारलं. "एकच आहे," आप्पा म्हणाले. काका म्हणाले, "मंग ठीक हाये. मंत्र चुकला त कोणी मरत नाही, पण हे चुकली त मी कुंपणाच्या इकडेच बरा." मला लायसन मिळालं तेव्हा सगळ्यात आधी पेढा त्यांनीच मागितला.

दसरा हा आमच्या गाडीचा सण. सकाळी तिला अंगणात धुवायचं, काचा पुसायच्या, चाकांना हळदकुंकू, बॉनेटवर स्वस्तिक. आप्पा तिची पूजा अशी करायचे की गणपतीलाही हेवा वाटावा. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य, काही सोडायचं नाही. पूजेनंतर ती नुसती गाडी नसते, असं ते सांगत. देवतेला बोलावलं आहे, ती बसली आहे. म्हणून घातलेला हार दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा होऊन 'पुनरागमनाय च' म्हटल्याशिवाय उतरवायचा नाही, हा नियम. वाटेत झेंडूचं एक फूल गळून पडलं तर पडू द्यायचं, पण आपण हात लावायचा नाही. दरवर्षी गाडी संध्याकाळी सीमोल्लंघनाला गावाच्या वेशीपर्यंत जायची आणि परत येऊन उभी राहायची. एवढाच तिचा प्रवास. त्यामुळे या नियमात काही अडचण आहे असं कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं.

त्या वर्षी गुलाबरावकाकांच्या शेतात झेंडू मातला होता. त्यांनी दसऱ्याच्या आदल्या दिवशी पोतंभर फुलं आणून अंगणात ओतली. "देवाले दिले, बाईकोले दिले, अजून उरलेच," म्हणाले. आई आणि मी दुपारभर ओवत बसलो. साधा हार करून एवढी फुलं संपेनात, म्हणून आईनं चार पदरी केला, मध्ये आंब्याची पानं दाटून घातली. सकाळी तो बांधला तेव्हा एका दिव्यापासून दुसऱ्या दिव्यापर्यंत, जाळीपासून खाली बंपरपर्यंत, गाडीचं सगळं तोंड झाकलं गेलं. झेंडूची गोधडीच. आळीतली माणसं बघायला आली. आप्पा खूष झाले आणि त्यांनी पूजेला नेहमीपेक्षा जास्त वेळ लावला. मग जेवणं झाली. पुरणपोळी, कटाची आमटी, कोथिंबिरीची सांबारवडी, कुरडया. आप्पांनी पोळी अर्धी ठेवली. आईनं विचारलं तर म्हणाले, जळजळ होते आहे. हात धुवायला उठले आणि मोरीच्या दगडावर बसूनच राहिले. कपाळावर घाम, डावा हात छातीशी. त्यांचा चेहरा मातीसारखा झाला होता.

आमच्या गावचे डॉक्टर जेवणावरून उठून धावत आले. त्यांनी सुई दिली, जिभेखाली गोळी ठेवली आणि आईला बाजूला घेऊन म्हणाले की हृदयाचा झटका आहे, इथं काही होणार नाही, अकोल्याला न्या, आत्ता. आणि यांना एक पाऊल चालू देऊ नका. अकोल्याच्या रेल्वेगाडीला अजून वेळ होता. दसऱ्याच्या दुपारी भाड्याची मोटार कुठून मिळणार, सगळ्या मोटारी हार घालून उभ्या आणि ड्रायव्हर पुरण खाऊन आडवे. राहिली आमचीच. तिचं मागचं दार उघडलं, सीट पाडली, गादी पसरली, आणि गुलाबरावकाकांनी आप्पांना लहान मुलासारखं उचलून आत ठेवलं. त्याही स्थितीत आप्पा म्हणाले, "समया नीट ठेवा. वाकतील." आई त्यांच्या उशाशी बसली, काका पायाशी. मी स्टिअरिंगवर बसले. आप्पा मागून अगदी हळू म्हणाले, "नलू, चोक ओढून ठेवू नको. गाडी उन्हानं गरम आहे." मी किल्ली फिरवली. त्या दिवशी ती खोकली नाही, रुसली नाही, एका हाकेत लागली.

रस्ता रिकामा होता. आश्विनातलं ऊन, दोन्ही बाजूंना कापूस, आणि कुठे कुठे झाडाखाली धुऊन उभे केलेले ट्रक. मी आजवर आप्पांशिवाय गावाबाहेर गाडी नेली नव्हती. मला फक्त इंजिन ऐकू येत होतं आणि मागून आईचा आवाज, "येऊन राह्यलं अकोला, आता येतेच." ते ती स्वतःलाच सांगत होती. मी गाडी पळवली, इतकी की तिला तशी सवय नव्हती. आणि मग आवाज बदलला. आधी थोडा जाड झाला, मग त्यात एक ठकठक आली. मी पाण्याच्या काट्याकडे पाहिलं, तो वर वर जात होता. सकाळी पाणी मीच बघितलं होतं, पट्टा घट्ट होता, तरी काटा लाल रेघेला टेकला. काटेपूर्णेच्या पुलाच्या अलीकडे बॉनेटच्या फटींमधून वाफ यायला लागली आणि मला गाडी बाजूला घ्यावी लागली. बंद केली तशी आतून उकळण्याचा आवाज येत राहिला.

काका डबा घेऊन नदीकडे धावले. मी बॉनेट उघडलं. रेडिएटरचं झाकण लगेच काढायचं नसतं, तोंड भाजतं, हे आप्पांनी शिकवलं होतं, म्हणून नुसती उभी राहिले. काय बिघडलं ते मला कळत नव्हतं. गळती नव्हती, पट्टा होता, पंखा होता. काकांनी पाणी आणलं, थोड्या वेळानं आम्ही ते घातलं, गाडी पुन्हा सुरू केली, आणि हाकेच्या अंतरावर, पूल ओलांडतो न ओलांडतो तोच काटा पुन्हा लाल रेघेवर. मी पुन्हा थांबले. मला रडू फुटलं. आप्पांचे ओठ निळसर दिसत होते. ते डोळे मिटून पडले होते आणि श्वास घेताना त्यांच्या गळ्यातून आवाज येत होता. आप्पा इथेच, या रस्त्याच्या कडेला जाणार, आणि मी चालवत असताना जाणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

आईनं त्यांच्या सदऱ्याची बटणं सोडली. गळ्याभोवतीचं उपरणं ओढून काढलं, मागचं दार वर केलं. "वारा येऊ द्या यायले," म्हणाली. मग उपरणं हातात तसंच धरून ती थांबली आणि गाडीच्या पुढच्या बाजूला चालत गेली. मी बघत होते. ती हाराजवळ उभी राहिली, तिनं त्या गोधडीवर तळवा ठेवला आणि चटका बसल्यासारखा काढला. "काय बापा," ती म्हणाली, "हिचंई तोंड बांधून ठेवलं आपण."

मला तेव्हा कळलं, हारानं जाळी झाकल्यामुळे रेडिएटरला वाराच मिळत नव्हता. काकांनाही कळलं असावं, कारण ते आधी पुढे झाले आणि मग थबकले. "वहिनी, हात नका लावू," ते म्हणाले. "गुरुजीनं देव बसवला हाये त्याच्यात. उद्याच्या पूजेबिगर उतरवाचा नाही म्हन्ते ना ते. आजच्या दिवशी आपल्या हातानं देव उठवला आन गुरुजीले काही झालं त?" मी त्यांना हसत नाही. माझ्याही हातून तो हार ओढला गेला नसता. जन्मभर ऐकलेलं असं पटकन बाजूला होत नाही. आणि आत गादीवर आप्पांनी डोळे उघडले होते. ते सगळं ऐकत होते. मागच्या उघड्या दारातून त्यांचा आवाज आला, अगदी बारीक. "उत्तरपूजा नाही झाली. राहू दे."

आईनं त्यांच्याकडे पाहिलं. रागानं नाही. ज्या नजरेनं ती दारात उभी राहून 'ठेवू का' विचारायची, त्याच नजरेनं तिनं पाहिलं, फक्त विचारलं काही नाही. तिनं पदर खांद्यावरून घेतला, बॉनेटपुढे जमिनीवर बसली, हातातल्या उपरण्याच्या गाठीत पूजेच्या चार अक्षता राहिल्या होत्या त्या गाडीवर वाहिल्या आणि मोठ्यानं म्हणायला लागली. उत्तरपूजेचा सगळा मंत्र. एक अक्षर चुकलं नाही, एक स्वर खाली गेला नाही. आईला मंत्र येतात हे मला माहीत नव्हतं. इतक्या वर्षांत तिनं ते कधी ओठांवर आणले नव्हते. 'पुनरागमनाय च' म्हणून तिनं देव हलवतात तसा हार दोन्ही हातांनी किंचित हलवला आणि उठली. "झाली उत्तरपूजा," ती म्हणाली. "आता हे नुसती गाडी हाये." आणि सुतळी तुटेना तेव्हा दातांनी तोडून तिनं तो चार पदरी हार खाली ओढला. रस्त्यावर टाकला नाही. पदरात धरून कडेच्या बाभळीखाली नीट ठेवला आणि धावत येऊन आप्पांच्या उशाशी बसली. तिच्या हातांना सुतळीनं काचे पडले होते.

आप्पांनी डोळे मिटले. ते रागानं मिटले की समाधानानं, ते त्या वेळी समजलं नाही. काकांनी पाणी ओतलं, मी किल्ली फिरवली. जाळीतून वारा आत शिरल्याचं मला ऐकू आलं, खरंच ऐकू आलं, आणि ठकठक हळूहळू विरत गेली. बोरगाव मंजूपर्यंत काटा खाली उतरला होता. त्यानंतर मी त्याच्याकडे पाहिलंच नाही. अकोल्याच्या दवाखान्याच्या दारात गाडी नेऊन लावली, मागचं दार वर केलं, आणि वॉर्डबॉयनं आप्पांना गादीसकट बाहेर ओढून घेतलं. साध्या मोटारीतून त्यांना बसवून आणलं असतं तर कठीण होतं, असं तिथले डॉक्टर नंतर म्हणाले. आणखी अर्धा तास लागला असता तरीही कठीण होतं, असंही म्हणाले. आई बाकावर बसली आणि मग मात्र तिच्या दातांवर दात वाजायला लागले. काकांनी तिला चहा आणून दिला. कप तिला धरता येईना, तो मी धरला.

त्या दुपारचे माझ्यावर इतके उपकार आहेत की कोणाचे आधी मानावे ते कळत नाही. त्या जुन्या गाडीचे, जिच्या पोटात माणूस पाय पसरून झोपू शकत होता. गुलाबरावकाकांचे, ज्यांनी फुलंही आणली आणि पाणीही आणलं. आप्पांनी मला डोळे मिटून ऐकायला लावलं, त्याचे. आप्पांना पुढे पुष्कळ आयुष्य मिळालं. माझ्या लग्नाला ते होते, माझ्या मुलाचं बारसं त्यांनी केलं. डॉक्टरांनी गाडी चालवायला बंदी केली म्हणून कॉलेज सांभाळून मी त्यांना मुहूर्तावर पोचवू लागले. खेड्यांत लोक 'गुरुजीची पोट्टी मोटर हाकते' म्हणून आधी हसले आणि मग सवयीनं मलाही पाटावर बसवून वाढायला लागले. धाकटी शकुंतला आणखी बरीच वर्षं चालली. शेवटी सुटे भाग मिळेनासे झाले तेव्हा थांबली, पण एकही मुहूर्त चुकवून नाही. दरवर्षी तिची पूजा व्हायची. हार मात्र आई गाडीच्या बाजूच्या आरशाला घालायची.

त्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यात माणसं भेटायला येऊ लागली. आप्पांचे यजमान, अकोल्याचे नातेवाईक, सगळ्यांच्या हातात आपट्याची पानं. सोनं घ्या, सोन्यासारखे राहा, असं म्हणत ती उशाशी ठेवत होते. आप्पांना फार बोलायची मनाई होती. ते पानांकडे आणि आईकडे आलटून पालटून पाहत होते. सोन्याची रीत ठरलेली आहे, लहानानं मोठ्याला द्यायचं आणि पाया पडायचं, मोठ्यानं डोक्यावर हात ठेवायचा. आप्पा या रीतीला इतके पक्के की वयानं चार दिवसांनी मोठ्या चुलतभावालाही ते आधी सोनं द्यायचे. गर्दी ओसरल्यावर त्यांनी मला खूण केली. मी ढिगातलं एक पान त्यांच्या हातात दिलं. वाटलं, मला देतील. त्यांनी ते आईपुढे धरलं. आई हसली आणि घ्यायला हात पुढे केला, तेव्हा आप्पांनी उशीवरून डोकं उचललं, दोन्ही हात जोडले आणि मान खाली घातली.

"अहो, हे काय?" आई घाबरून म्हणाली. "उलटं करून राह्यले तुमी. मी लहान हाये तुमच्याहून."

"उलटं नाही," आप्पा म्हणाले. "माझ्या हातून आयुष्यात रीत चुकलेली तू कधी पाहिलीस का?"

ते मान खाली घालून तसेच थांबले. आईनं माझ्याकडे पाहिलं. तिनं ते पान पदराला पुसून कपाळाला लावलं, मग काचे पडलेला तो हात आप्पांच्या डोक्यावर ठेवला, आणि माझ्या फटकळ आईनं लाजत, रडत, अगदी पुटपुटत आशीर्वाद दिला, "शंभर वर्षं जगा."